जुना मेटलाख बियर स्टाइन: झाकण नंतर बघा, आधी बुड

जर्मन बियर स्टाइन, म्हणजे झाकण असलेले बियरचे मग, जमवायला सुरुवात करणाऱ्याने पहिला नग कोणता घ्यावा? आमचे उत्तर ठरलेले आहे: 1885 ते 1910 या काळातला, अर्ध्या लिटरचा, व्हिलरॉय अँड बॉखच्या मेटलाख कारखान्यातला क्रोमोलिथ, म्हणजे खोलगट काळ्या रेषांत चित्र रेखलेला रंगीत मग. तो सर्वांत सुंदर असतो म्हणून नव्हे, जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड भागाचे राखाडी-निळे मग कित्येकांना जास्त आवडतात. मेटलाख घ्यायचा तो त्याच्या बुडावर स्वतःची जवळजवळ सगळी माहिती लिहिलेली असते म्हणून. नवख्याला फसवणे इथे सर्वांत कठीण आहे, आणि फसवणूक झालीच तर ती मातीत नसते, धातूत असते.

मेटलाख हे जारलँडमध्ये जार नदीच्या काठी वसलेले गाव. 1809 मध्ये जाँ-फ्रांस्वा बॉख यांनी तिथला रिकामा पडलेला बेनेडिक्टाइन मठ विकत घेऊन त्यात भांड्यांचा कारखाना थाटला. 1836 मध्ये व्हिलरॉय आणि बॉख ही दोन घराणी एकत्र आली. स्टाइनचा भरभराटीचा काळ साधारण 1880 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत. पुढे 1921 च्या आगीत कारखान्याचे मोठे नुकसान झाले.

आता बुड. मग उलटा करून दिवा समोरून नव्हे, बाजूने धरा, म्हणजे मातीत दाबलेले ठसे सावलीमुळे उठून दिसतात. क्रोमोलिथवर बहुधा मठाच्या जुन्या बुरुजाचे चित्र, व्ही आणि बी ही अक्षरे आणि मेटलाख हे नाव असा ठसा सापडतो. शेजारी एक मोठा आकडा असतो, बहुतेक वेळा चार अंकी. तो साच्याचा, म्हणजे आकाराचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे वर्ष नव्हे. 1909 असा आकडा पाहून ‘1909 साली बनलेला’ अशी जाहिरात करणारे विक्रेते कमी नाहीत, प्रत्यक्षात 1909 हा एका लोकप्रिय आकाराचा क्रमांक आहे. वर्ष वेगळे शोधावे लागते: दोन छोटे अंक दाबलेले असतात, 96 म्हणजे 1896, 03 म्हणजे 1903. कधी ते झिलईने बुजलेले असतात, तेव्हा दहापट भिंग लागते. एकच नमुना कित्येक वर्षे बनत राहिल्यामुळे साच्याचा क्रमांक नमुना सांगतो आणि हे दोन अंक हातातला नग सांगतात. दोन्ही टिपून ठेवा.

‘गेशुट्स्ट’ हा शब्दही बुडावर दिसेल. नमुन्याला कायद्याचे संरक्षण आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऑनलाइन लिलावात ‘गेझेट्सलिख गेशुट्स्ट कंपनीचा दुर्मीळ मग’ असे मथळे नेमाने येतात. अशी कंपनी कधीच नव्हती. पोर्सेलिनच्या मगांवरच्या ‘मुस्टरशुट्स’ या शब्दाचीही हीच गत. ज्या विक्रेत्याला हे माहीत नाही त्याच्याकडे कधी कधी स्वस्तात चांगला माल मिळतो, हेही खरे. पण त्याने दुरुस्ती ओळखली असेल अशी अपेक्षा मग ठेवू नये.

क्रोमोलिथ आणि पीयूजी यांत गल्लत करू नका, किमतीत मोठा फरक पडतो. क्रोमोलिथमध्ये चित्राच्या काळ्या रेषा खोलगट असतात, नख हलकेच फिरवले तर अडते. रंगाचे भाग सपाट, बहुतेक मंद पोताचे. पीयूजी म्हणजे झिलईखाली छापलेले चित्र: पृष्ठभाग सगळीकडे गुळगुळीत, वर काचेसारखी चकाकी. त्याच्या बुडावर बहुधा पंखांचे शिरस्त्राण घातलेल्या मर्क्युरीचे डोके छापलेले असते आणि साच्याच्या क्रमांकाशिवाय चित्राचा वेगळा क्रमांक शाईत असतो. 1526 आणि 1909 हे पीयूजीचे नेहमी दिसणारे आकार. साधे पीयूजी शंभर युरोंच्या आसपास, कधी त्याखालीही सुटतात. शिकायला उत्तम, पण विकताना तेवढेच येतील. तिसरा प्रकार कॅमिओ: निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरट, किंचित पारदर्शक उठावाच्या आकृत्या. फॅनोलिथही त्याच घराण्यातला. या दोन्हींत योहान बाप्टिस्ट श्टाल हे नाव ओळखून ठेवण्यासारखे. क्रोमोलिथमध्ये हाइनरिश श्लिट यांचे नाव चालते. त्यांचे बुटके, गमतीदार चेहऱ्यांचे परीकथेतले ठेंगू (नोम) आणि 2382 क्रमांकाचा तहानलेला सरदार यांना मागणी कायम आहे. 2001 क्रमांकाचे ‘पुस्तक’ स्टाइन, म्हणजे कायदा, वैद्यक वगैरे विद्याशाखांच्या ग्रंथांच्या कण्यांनी सजलेले मग, दिसायला झकास. भेट द्यायला कोणीही घेते, त्यामुळे ते नेहमी थोडे महाग पडतात.

मातीची तपासणी पाच मिनिटांची आहे, ती टाळू नये. झाकण उघडे धरून, मगाचा कान हलका धरून काठावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड मग खणखणीत वाजतो, तडा गेलेला बदबद. कान घट्ट धरला किंवा झाकण टेकलेले असले तर चांगला मगही बसका वाजतो, म्हणून दोनदा वाजवून पाहा. त्यानंतर आत टॉर्च सोडा. केसाएवढ्या चिरा तीन ठिकाणी भेटतात: वरच्या काठाला, कान जिथे अंगाला जोडला आहे तिथे, आणि बुडाच्या कडेला. काठावरची चीर बहुतेकदा झाकण आपटून पडते. कानाच्या खालच्या जोडाजवळची चीर जास्त गंभीर, कारण भार तिथे येतो.

पांढऱ्या आतल्या झिलईवर तपकिरी डाग असतील तर लिलावाच्या वर्णनात ‘आतून तपकिरी’ असे लिहितात. झिलईला बारीक जाळी पडते, त्यातून पेय आत मुरते आणि माती रंगते. बाहेरून मग निर्दोष दिसला तरी याने किंमत उतरते. चार-दोन ठिपके आम्ही सोडून देतो. पूर्ण तळ चहाच्या रंगाचा झाला असेल तर तो नग स्वस्त असला तरच घ्यावा. ब्लीचिंगच्या क्लोरीनने हा डाग घालवायला जाऊ नका. मुरलेले क्षार सुकताना स्फटिक बनतात आणि झिलईच उचलून टाकतात.

रंगवलेली दुरुस्ती पकडायला 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा. नवे रेझिन आणि रंग बहुधा वेगळ्या तेजाने चमकतात किंवा गढूळ डागासारखे दिसतात. क्रोमोलिथच्या मंद पृष्ठभागावर हे काम थोडे अवघड असते, म्हणून हातही फिरवा: दुरुस्तीची जागा गालाला किंवा ओठाला लावली तर मातीइतकी गार लागत नाही. ॲसिटोनचा बोळा फिरवून बघायचा मोह होतो. मग अजून दुसऱ्याचा असेल तर तो आवरावा.

खरी मेख धातूत. स्टाइनचे झाकण, बिजागरी, अंगठ्याने दाबायचा खटका आणि कानाभोवतीची पट्टी हे सगळे प्यूटरचे, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचे. त्यात अँटिमनी, तांबे आणि जुन्या कामात शिसेही असते. धातू मऊ आहे. मेटलाखच्या झाकणात वर मातीची चकती जडवलेली असल्यामुळे ते जड होते, आणि दर वेळी उघडताना सगळा झटका कानाला वेढलेल्या त्या अरुंद पट्टीवर बसतो. कोणी झाकण मागे फेकले की पट्टी बिजागरीच्या खाली फाटते. मग कोणीतरी डाख लावतो. जुन्या मेटलाखमध्ये सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त लपवला जाणारा दोष हाच.

तो ओळखायचा कसा? पट्टी दोन्ही बाजूंनी भिंगातून पाहा. मूळ पट्टी एकसलग ओतलेली असते, तिचा पोत आणि काळपटपणा सारखा असतो. डाख लावलेली जागा फुगीर दिसते, कडा घासलेल्या असतात, रंग शेजारच्या धातूपेक्षा उजळ किंवा निळसर असतो. दुरुस्ती करणाऱ्याने काळा रंग फासून हे झाकलेले असते, अशा वेळी सुती कापडाने हलके पुसल्यास काळे कापडावर उतरते. बिजागरीचा खिळाही बघा. तो चकचकीत पोलादी असेल तर बदललेला आहे. झाकण बंद असताना काठाशी एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला घासणे असे दिसले तर पट्टी वाकली आहे, किंवा झाकणच दुसऱ्या मगाचे आहे.

परक्या झाकणाचा एक पुरावा तर तारखांतच मिळतो. झाकणाच्या धातूवर नावासह तारीख कोरलेली असेल आणि ती बुडावरच्या वर्षाच्या आधीची असेल, उदाहरणार्थ झाकणावर 1896 आणि बुडावर 03, तर वाद संपला. झाकणावरची तारीख नंतरची असेल तर काही बिघडत नाही, दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला मग भेट म्हणून कोरून दिला जाई.

चांगली, नीटस डाख असलेला मग अजिबात घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. विक्रेत्याने सांगितली असेल आणि किंमत त्याप्रमाणे उतरली असेल तर घ्या. मात्र पुन्हा डाख लावायला सोनाराकडे किंवा नळकाम करणाऱ्याकडे देऊ नका. प्यूटर मिश्रणानुसार 170 ते 230 अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागते, साधी ज्योत लागली तर पट्टीचा गोळाच होतो. हे प्यूटर रोज हाताळणाऱ्याचेच काम.

प्यूटरवर काळे फोड दिसले की विक्रेते ‘कथलाचा रोग’ म्हणतात. तो खरा रोग 13.2 अंश सेल्सियसच्या खाली शुद्ध कथलाची रचना बदलून भुकटी होण्याचा, आणि अँटिमनी किंवा शिसे मिसळलेल्या प्यूटरला तो सहसा होत नाही. दिसतो तो बहुतेकदा साधा गंज. ओक लाकडाच्या बंद कपाटातून सुटणारी आम्लाची वाफ शिसेयुक्त धातूला खाते, म्हणून काचेचे आणि धातूचे कपाट बरे. पितळ पॉलिश लावून झाकण चमकवणे म्हणजे पैसे देऊन किंमत कमी करून घेणे. कोरीव कामाच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

आता बाकीचे प्रकार, थोडक्यात.

वेस्टरवाल्डमधल्या होअर-ग्रेन्झहाउझेन भागाचे मिठाच्या झिलईचे स्टोनवेअर. भट्टी 1200 अंशांच्या वर तापली की आत मीठ टाकतात, सोडियमची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून झिलई तयार करते, पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे येतात. एवढ्या उष्णतेत टिकणारा भरवशाचा रंग कोबाल्टचा निळा, म्हणून ही राखाडी-निळी जोडी. मजबूत आणि देखणे मग, पण तारीख ठरवणे कठीण, कारण जुन्या नमुन्यांच्या नकला तिथल्याच कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अखंड बनवल्या. नवख्याने ‘सतराव्या शतकातला’ या वाक्यावर पैसे देऊ नयेत. मेटलाखसारखे कोरीव दिसणारे इतर कारखान्यांचे मग मात्र जरूर बघावेत. हाउबर अँड रॉयटरची एच-आर ही खूण असलेले नग बरेच स्वस्त मिळतात आणि त्यातले काही रेखाटनात मेटलाखच्या तोडीचे असतात. आमच्या मते सध्या पैशाला सर्वाधिक न्याय इथे मिळतो.

रेजिमेंटचे स्टाइन, म्हणजे लष्करी सेवा संपवून घरी जाताना सैनिकाने बनवून घेतलेले मग, हा मात्र सापळा. बहुतेक 1890 च्या दशकापासून 1914 पर्यंतचे, बरेचसे पोर्सेलिनचे, कानाच्या दोन बाजूंना सहकाऱ्यांची नावे, आणि बुडात प्रकाशाकडे धरल्यावर दिसणारे लिथोफेनचे चित्र. 1960 च्या दशकानंतर यांच्या नकला ढिगाने निघाल्या. नकलेत लिथोफेन बहुधा नग्न स्त्रीचे असते, अस्सल नगांत निरोपाचा प्रसंग, खानावळ, राजाचे चित्र अशी दृश्ये. सेवेची वर्षेही मोजा: 1893 पासून पायदळाची सेवा दोन वर्षांची झाली, घोडदळाची तीनच राहिली. 1909–1911 अशी तारीख असलेला उह्लान घोडेस्वाराचा मग समोर आला तर प्रश्न विचारायलाच हवा. खटका साधारणतः राज्याप्रमाणे असतो, प्रशियाचा गरुड, बव्हेरियाचा सिंह. चित्र भिंगाखाली छापील ठिपक्यांचे निघाले तर ठेवून द्या. अस्सलमध्ये बाह्यरेषा छापलेली असली तरी आतला रंग ब्रशने भरलेला दिसतो.

थुरिंगियाच्या प्लाउए गावातल्या शिअरहोल्त्झ कारखान्याचे आणि रुडोल्श्टाटच्या बोह्ने कारखान्याचे आकृतीरूप पोर्सेलिन स्टाइन, म्हणजे मुळ्याचे कंद, कवट्या, भिक्षू, प्राणी, हे वेगळ्याच चवीचे दुकान आहे. कवटीचा मग कोणाला दिवाणखान्यात हवा असतो हे आम्हाला अजून कळलेले नाही, पण विकला जातो. जुन्या साच्यांवरून नंतरही माल निघाला असल्याने इथे खूण आणि रंगकाम दोन्ही तपासावे लागतात.

मापाची रेघ ही काळ ओळखण्याची सर्वांत सोपी खूण. जर्मन साम्राज्याचा 20 जुलै 1881 चा कायदा 1 जानेवारी 1884 पासून लागू झाला आणि पेय विकताना वापरायच्या भांड्यावर लिटरचे माप आणि रेघ सक्तीची झाली. त्यामुळे वरच्या काठाखाली ‘अर्धा लिटर’ अशी खूण असलेला मग ‘1850 चा’ असू शकत नाही, निदान ती खूण मागाहून घातलेली नसेल तर. उलट नियम चालत नाही: खूण नसलेला प्रत्येक मग जुना नसतो, शोभेचे आणि निर्यातीचे मग खुणेशिवायही निघत. बुडावर ‘जर्मनी’ इंग्रजीत छापलेले असेल तर बहुधा 1891 नंतरचा निर्यातीचा माल, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचे नाव बंधनकारक झाले. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990, आणि मग तो पुराणवस्तू म्हणून घ्यायचे काही कारण नाही. व्हिलरॉय अँड बॉखनेही 1970 च्या दशकापासून जुन्या धर्तीचे मर्यादित आवृत्तीचे मग काढले. ते नकली नव्हेत, खुणाही वेगळ्या आहेत, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका.

खरेदीसाठी खास स्टाइनचे लिलाव सर्वसाधारण लिलावांपेक्षा बरे, कारण तिथल्या अहवालात पट्टीची दुरुस्ती, आतला तपकिरीपणा, काठावरचा टवका हे वेगवेगळे लिहिलेले असते. म्युनिकमध्ये वर्षातून तीनदा, मे, जुलै-ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या आउअर डुल्ट जत्रेत जुन्या सामानाचे स्टॉल असतात. तिथे हातात घेऊन बघण्याची सोय आहे, पण मोठ्या जत्रेत टिचकीचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून टॉर्चवरच भिस्त. ऑनलाइन घेताना पाच फोटो मागा: बाजूच्या उजेडातले बुड, टॉर्च लावून आतला तळ, पट्टी डावीकडून, पट्टी उजवीकडून, आणि उघड्या झाकणाची आतली बाजू. चार फोटो येतात आणि पट्टीचाच राहतो, असे झाले तर उत्तर मिळालेच.

बोली लावताना पूर्ण हिशेब करा. समजा बोली 200 युरोला सुटली आणि खरेदीदाराचे शुल्क 25 टक्के आहे, तर 250 झाले. त्यावर कर लागू असेल तर तो, शिवाय पॅकिंग-पाठवणी. पट्टीला डाख असेल तर तो आकडा आधीच खाली आणून मग बोली लावावी, नंतर पश्चात्तापाला सूट मिळत नाही.

पाठवणीत बहुतेक मग झाकणामुळे फुटतात. विक्रेत्याला स्पष्ट लिहून कळवा: झाकण आणि काठ यांच्यात मऊ फोमची घडी ठेवा, झाकण जेमतेम टेकू द्या, चिकटपट्टी प्यूटरला थेट लावू नका. कानाच्या पोकळीत कागद भरा, नाहीतर बाहेरचा दाब कान तोडतो. पेटीत पेटी हवी, मध्ये सगळीकडून पाच-सहा सेंटिमीटर भरण. उंच शिखराच्या झाकणाचा मग असेल तर वरच्या बाजूला जास्त.

घरी आल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. बुडवून ठेवू नका, पाणी प्यूटरच्या वेढ्याखाली शिरते आणि झाकणातल्या जडवलेल्या चकतीच्या मागेही राहते. डिशवॉशर अर्थातच नाही. उचलताना एक हात बुडाखाली, झाकणाला किंवा खटक्याला धरून कधीही नाही. आणि त्यातून बियर पिऊ नका. जुन्या प्यूटरमध्ये शिसे असते, ओठ काठाला लागतात, झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब पेयात पडतात. पाहुण्यांना दाखवायचाच असेल तर त्यांच्या हातात मग देण्याआधी झाकण उघडून द्या, नाहीतर पहिला माणूस ते मागे फेकतोच.